बिनपगारी घाम

१९३१ च्या उन्हाळ्यात दक्षिण वेल्समधल्या ब्रिनमाउर गावातल्या कचऱ्याच्या जागेवर कुदळ-फावडी चालू झाली आणि गावात सरळ दोन तट पडले. बेत तसा साधा होता. ओसाड जागा उकरायची आणि तिथे पोहण्याचा तलाव अन् बाग करायची. खणणार होते ब्रिटनमधून आणि युरोपातल्या इतर देशांतून आलेले विद्यार्थी आणि गावातलेच बेकार खाणकामगार. मजुरी कुणालाच नाही.

एका तटाचं म्हणणं असं, की हे काम नगरपालिकेचं आहे, तेव्हा तिने माणसं लावावीत आणि रीतसर मजुरी द्यावी. आज तलाव फुकट खणून दिलात तर उद्या रस्ताही फुकट मागतील, परवा गटारही. दुसरा तट विचारत होता, कसली मजुरी? इथे मजुरी पाहून वर्षं झाली. नाक्यावर खिशात हात घालून उभं राहण्यापेक्षा खणलेलं काय वाईट? दोन्ही बाजूंना बोलणारे बहुतेक बेकारच होते, म्हणून या भांडणाला धार होती. गावातले बेकार सुरुवातीला हात राखूनच होते. तरीही तलाव झाला. वाद मात्र मिटला नाही, तो पुढची दहाएक वर्षं वेगवेगळ्या रूपांत ब्रिटनभर चालला. त्यातून बेकारीविषयी जे कळलं ते आजही जुनं झालेलं नाही.

ब्रिनमाउर समुद्रसपाटीपासून १,२०० फुटांहून उंच, वाऱ्यापावसाच्या तोंडावर वसलेलं. शेतीवर जगणारं गाव हे कधीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या नॅन्टिग्लो इथे जोसेफ आणि क्रॉशे या बेली बंधूंच्या लोखंडाच्या भट्ट्या होत्या, त्यांच्या आसऱ्याने हे वाढलं. मालक आणि कामगार यांच्यातलं नातं पाहायचं तर नॅन्टिग्लोचे गोल बुरूज अजून उभे आहेत. ते १८१६ च्या सुमाराचे. किल्ल्याचे बुरूज शत्रूसाठी असतात, हे मालकांनी आपल्याच कामगारांच्या भीतीने बांधले होते. लोखंड मागे पडलं, कोळसा आला, आणि ब्रिनमाउरचे पुरुष नॅन्टिग्लो-ब्लेनाच्या खाणींत कामाला जाऊ लागले.

१९२१ मध्ये कोळशाचा भाव कोसळला. जहाजं कोळसा सोडून तेलावर चालू लागली होती, युद्धात हरलेल्या जर्मनीचा कोळसा भरपाई म्हणून फ्रान्स-इटलीला जात होता, आणि १९२५ मध्ये ब्रिटनने पौंड पुन्हा सोन्याला जखडल्यावर निर्यात आणखी महागली. १९२६ मध्ये खाणमालकांनी सात महिने टाळेबंदी केली. देशभरच्या कामगारांनी खाणकामगारांच्या पाठीशी केलेला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत संपला. खाणकामगार मात्र हिवाळ्यापर्यंत झुंजले आणि हरले. त्यानंतर बंद पडलेल्या खाणींपैकी बऱ्याच पुन्हा उघडल्याच नाहीत.

बेकारभत्ता होता, पण तो मिळवणं ही स्वतंत्र नोकरीच होती. १९३० पर्यंत नियम असा, की आपण मनापासून काम शोधत आहोत हे अर्जदाराने सिद्ध करायचं. आजूबाजूच्या सगळ्या खाणी बंद आहेत हे कचेरीतल्या बाबूलाही माहीत आणि समोर उभ्या असलेल्यालाही. तरी काल कुठे कुठे विचारलं याची यादी द्यावी लागे. हा नियम गेला आणि १९३१ च्या अखेरीस ‘मीन्स टेस्ट’ आली. अधिकारी घरी येऊन घराचं एकूण उत्पन्न तपासू लागले. पोराला कुठे चार पैशांचं काम लागलं की बापाचा भत्ता तेवढ्याने कमी. या हिशेबापायी मिळवती पोरं घर सोडून वेगळी राहू लागली. शासनाने कुटुंबं मोडावीत म्हणून हे केलं नव्हतं, पण मोडली.

अशा मुलखात क्वेकर आले. युद्धाला विरोध करणारा, कमी बोलणारा आणि कामाला लवकर हात घालणारा हा ख्रिस्ती पंथ. १९२७ मध्ये विल्यम आणि एमा नोबल या दांपत्याने ऱ्होंडा खोऱ्यातल्या ट्रेअलॉ इथे ‘माइस-अर-हाव्ह’ नावाचं केंद्र उघडलं. १९२८ मध्ये पीटर स्कॉट आणि त्यांचे सोबती ब्रिनमाउरला मुक्कामी आले. स्कॉटचा विचार असा, की कपडे-अन्न वाटून गाव उभं राहत नाही, गावाने आपलं दुखणं स्वतः तपासलं पाहिजे. म्हणून गावाची पाहणी सुरू झाली. हिल्डा जेनिंग्ज यांनी ती पुढे पुस्तकरूपाने मांडली. ‘ब्रिनमाउर : अ स्टडी ऑफ अ डिस्ट्रेस्ड एरिया’ हे १९३४ चं पुस्तक आजही अभ्यासक उघडतात.

फर्निचरचा कारखानाही याच धडपडीतून निघाला. पॉल मॅट हा जर्मन सुताराचा मुलगा. त्याला हाताशी मिळाली ती खाणकामगारांची अडाणी पोरं, रंधा कधी न धरलेली. म्हणून त्याने खुर्च्या-टेबलांचे आराखडेच असे केले की शिकाऊ हातांना जमावेत. सरळ रेषा, ओकचं लाकूड आणि नक्षीला पूर्ण फाटा. रेडिंगमधल्या लेटन पार्क या क्वेकर शाळेच्या खुर्च्या हे सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक. पुढे लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये ब्रिनमाउरच्या फर्निचरचं दालन उघडलं. १९४० मध्ये युद्धामुळे कारखाना बंद पडला. जुन्या वस्तूंचे शौकीन आता ते फर्निचर हौसेने शोधत असतात. पण या कारखान्यात पगार होता, त्यामुळे भांडण नव्हतं. भांडण होतं ते तलावाचं.

तलावाच्या शिबिरामागे पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने उभी केलेली चळवळ होती. सेरेसोल हे स्वित्झर्लंडच्या एका राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. सैन्यासाठीचा कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जाऊन आलेले. १९२० मध्ये व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात त्यांनी पहिलं शिबिर भरवलं. ज्या भूमीवर माणसं एकमेकांना मारत होती तिथेच वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी मिळून घरं बांधायची, ही कल्पना. ब्रिनमाउर हे त्यांच्या चळवळीचं ब्रिटनमधलं पहिलं शिबिर, त्यातूनच तिथली शाखा उभी राहिली. शिबिरात येणाऱ्या स्त्रियांना ‘भगिनी’ म्हणत आणि त्यांच्या वाट्याला स्वयंपाक-धुणं येई. विश्वबंधुत्वाची मजल तेव्हा चुलीपर्यंत पोचली नव्हती. याच सेरेसोलांनी १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मुझफ्फरपूर भागात येऊन, राजेंद्रप्रसादांच्या सहकार्याने, भूकंप आणि पुरात हलवावी लागलेली खेडी पुन्हा वसवण्याचं काम केलं. आपल्याकडे श्रमदान म्हणून जे ओळखीचं झालं त्याच्या जवळपासचं हे काम.

पण बेकार माणूस बिनपगारी कामात कसा रमतो, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण या शिबिरात नाही. ते ब्रिनमाउरपासून काही मैलांवरच्या ट्रेडीगरमध्ये होतं आणि त्याला कुणा बाहेरच्याने हात लावला नव्हता.

अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. खाणकामगार संघटनेच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षं शिकून १९२१ मध्ये परतला, तो थेट बेकारीत. बोलभांड म्हणून नाव झालेलं, मालक दारात उभं करीनात. १९२४ मध्ये एका खाणीत काम मिळालं, तर वर्षाच्या आत ती खाणच बंद पडली. मधली वर्षं या माणसाने काय केलं? बेकारभत्त्याचे नियम पाठ केले आणि ज्यांचे अर्ज फेटाळले जात त्यांची कैफियत फुकट मांडू लागला. १९२२ मध्ये नगरपालिकेवर निवडून आला. मित्रांबरोबर वाद-चर्चेचा ‘क्वेरी क्लब’ काढला. आणि ट्रेडीगर मेडिकल एड सोसायटीच्या रुग्णालय समितीवर बसू लागला.

ही सोसायटी समजून घ्यायला हवी. १८९० मध्ये ती सुरू झाली. कामगारांच्या पगारातून दर आठवड्याला थोडे पेन्स कापले जात आणि त्यातून डॉक्टर, दवाखाना, औषधं असा सगळा खर्च चाले. डॉक्टर नेमायचे ते कामगारांच्या समितीने. गावातली जवळपास सगळी कुटुंबं सभासद. ए. जे. क्रोनिन विसाच्या दशकाच्या सुरुवातीला इथेच डॉक्टर होते आणि ‘द सिटाडेल’ या त्यांच्या १९३७ च्या कादंबरीत या अनुभवाचे पडसाद आहेत. बेव्हनला या समितीतून एक छदामही मिळत नव्हता. मिळत होता तो अधिकार. कुठला डॉक्टर ठेवायचा, रुग्णालयासाठी काय घ्यायचं, यात त्याच्या मताला वजन होतं. १९२५ मध्ये त्याचे वडील खाणीतल्या धुळीने झालेल्या फुफ्फुसाच्या आजाराने गेले. १९२६ मध्ये संघटनेने त्याला पगारी पदाधिकारी नेमलं, १९२९ मध्ये तो एबू व्हेलचा खासदार झाला, आणि ५ जुलै १९४८ ला त्याच बेव्हनने आरोग्यमंत्री म्हणून ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. साऱ्या देशाचं ट्रेडीगर करायचं आहे, असा त्याचा सूर असे.

एका बेव्हनवरून सगळ्या बेकारांचं माप घेऊ नये हे खरं. तरी त्याच्या रिकाम्या वर्षांकडे पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्याला कुणी ‘कामाला लावलं’ नव्हतं.

लंडनहून जे सुरू झालं त्याचा रोख वेगळा होता. २७ जानेवारी १९३२ रोजी राजपुत्र एडवर्ड यांनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये भाषण करून बेकारांसाठी स्वयंसेवेची हाक दिली. तेव्हा देशातल्या बेकारांची संख्या ३० लाखांकडे चालली होती. नॅशनल कौन्सिल ऑफ सोशल सर्व्हिस या संस्थेला सरकारी अनुदान मिळालं आणि गावोगाव बेकारांचे क्लब निघाले. काही वर्षांत त्यांची संख्या हजारावर गेली. बूट शिवणं, सुतारकाम, व्यायाम, वाचन, नाटकं. डरहॅममधल्या स्पेनीमूरच्या अशाच एका केंद्रात नॉर्मन कॉर्निश नावाच्या खाणकामगार पोराने चित्रकलेचे धडे घेतले आणि तो पुढे नामवंत चित्रकार झाला. क्वेकरांनी भाजीपाल्यासाठी छोटे जमिनीचे तुकडे, बियाणं आणि अवजारं स्वस्तात मिळवून दिली. त्याचा फायदा मोठ्या संख्येने लोकांनी घेतला, आणि याविषयी फारशी कुरकुर ऐकू आली नाही. स्वतःच्या घरच्या बटाट्यासाठी खणायला कुणाला उपदेश लागत नाही.

क्लबांविषयी मात्र कुरकुर मोठी होती. बेकार कामगारांच्या चळवळीचे नेते वॉल हॅनिंग्टन यांना ही भूल देण्याची युक्ती वाटे. बेकार मोर्चात उतरण्याऐवजी बूट शिवत बसला की सरकारला बरंच. लेखक जॉर्ज ऑरवेल १९३६ मध्ये विगनकडे फिरले तेव्हा त्यांनाही या केंद्रांतून बेकारांना गप्प ठेवण्याचा वास आला, आणि हिवाळ्यात उबेला बसायला जागा मिळते हेही त्यांनी मान्य केलं. दोन्ही खरं असू शकतं, हे ऑरवेलांनी लपवलं नाही, म्हणून त्यांची साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

आता थोडं ऑस्ट्रियाला जायला हवं, कारण या वादात नंतर पडलेली सर्वांत चिकित्सक व्यक्ती तिथून आली. व्हिएन्नाजवळचं मारिएन्टाल हे कापडगिरणीचं गाव. गिरणी, गिरणीच्या खोल्या, गिरणीचाच भोंगा, हे चित्र गिरणगाव पाहिलेल्यांना सांगायला नको. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी बहुसंख्य एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे विशी-तिशीतले संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले. १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

त्यांनी पाहिलं काय? तोवर समज असा होता, की बेकार माणूस भडकतो, क्रांती करतो. मारिएन्टालचा माणूस भडकला नव्हता, विझला होता. वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घसरलं. वर्तमानपत्र बेकारांना स्वस्तात मिळे, तरी वर्गणीदार गळाले. संशोधक खिडकीआड बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजत. पुरुष संथ चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. १०० पुरुषांतल्या ८८ जणांकडे अंगावर घड्याळ नव्हतं. वेळ भरपूर होता आणि तो कशालाच लागत नव्हता. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं, तर पुरुषांना लिहिण्यासारखं सुचेना. बायका मात्र लगबगीने चालत. त्यांची चूल, धुणं, शिवणटिपण, पोरं हे सगळं चालूच होतं, फक्त पैसे कमी झाले होते. बिनपगारी कामाचं महत्त्व जगाला पटवायला इतक्या पाहण्या कराव्या लागल्या आणि मारिएन्टालच्या बायका तेच काम रोज करत होत्या, हे पुस्तकात ठळक छापलेलं नाही, पण वाचता येतं.

या चमूचा एक दंडक होता. नुसतं निरीक्षक म्हणून गावात कुणी फिरायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या काही उपयोगी पडायचं. म्हणून त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून वाटले, फुकट वैद्यकीय तपासणी ठेवली, शिवणाचे वर्ग आणि मुलींसाठी व्यायाम सुरू केले. माहिती आपोआप मिळत गेली.

याहोडा समाजवादी होत्या. ऑस्ट्रियात तेव्हा हुकूमशाही आली होती. १९३६ मध्ये त्यांना अटक झाली, आणि १९३७ मध्ये देश सोडण्याच्या अटीवर सुटका. त्या इंग्लंडला आल्या आणि थोड्याच दिवसांत वेल्समध्ये पोचल्या, पीटर स्कॉट यांच्याच पुढच्या प्रयोगापाशी.

हा प्रयोग म्हणजे सब्सिस्टन्स प्रॉडक्शन सोसायटी. लँकेशायरमध्ये विगनजवळ अपहॉलंडला आणि १९३५ पासून मॉनमथशायरच्या पूर्व खोऱ्यात तो चालू होता. तिथे कुमेव्हनची एक जुनी मद्याची भट्टी त्याचं ठाणं झाली होती. योजना अशी : बेकारांनी एकत्र येऊन शेती, बेकरी, शिवणकाम, बूटदुरुस्ती अशी कामं करायची. मजुरी नाही, भत्ता चालू राहणार. तयार झालेला माल सभासदांनाच, फक्त कच्च्या मालाच्या किमतीच्या आसपास. बाहेर विकायचा नाही, म्हणजे दुकानदाराचं गिऱ्हाईक आणि कामगाराची नोकरी कुणीच हिसकावत नाही. सभासद मुख्यतः वयस्क, ज्यांना पुन्हा खाणीत कुणी घेणार नव्हतं असे. कागदावर याहून निर्दोष काही सापडणं कठीण.

याहोडा तिथल्या कुटुंबांकडे राहिल्या आणि वेगवेगळ्या विभागांत स्वतः काम केलं. त्यांना दिसलं ते असं. माणसं सकाळी उठून कुठेतरी जात होती, चार लोकांत मिसळत होती, दिवसाला आकार आला होता. मारिएन्टालशी तुलना केली तर हे थोडं नव्हे. पण याला ती माणसं ‘खरं काम’ मानत नव्हती. हातात रोकड नाही, घरात बायकोला खर्चायला काही देता येत नाही. आयुष्यभर खाणीत आणि संघटनेत घालवलेल्या माणसाला मजुरीशिवाय घाम गाळणं पटेना. स्कॉट आणि त्यांच्या सोबत्यांना या कामात नव्या, सहकारी समाजाची बीजं दिसत होती. सभासदांना स्वस्तात ब्रेड आणि मटण मिळत होतं, घराबाहेर पडायला निमित्त मिळत होतं. ध्येय आयोजकांचं होतं आणि राबणं सभासदांचं.

अहवाल १९३८ मध्ये तयार झाला. प्रयोगात गुंतलेल्यांपैकी लॉर्ड फॉरेस्टर हे सुस्थितीतलं घर सोडून या कामात उतरलेले तरुण होते. अहवाल वाचून ते खचले, आपलं सारं करणं यात पुसलं गेलं असं त्यांना वाटलं. त्याच सुमाराला, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर, याहोडांच्या माणसांना व्हिएन्नातून बाहेर काढण्यासाठी धावून गेलेले हेच फॉरेस्टर. याहोडांनी अहवाल छापला नाही. तो प्रसिद्ध झाला १९८७ मध्ये, जवळजवळ ५० वर्षांनी. संशोधकाने आपलं निरीक्षण दडपावं का, यावर पंडितांनी वाद घालावा. जिच्या घरची माणसं त्या माणसामुळे वाचली तिच्याकडून दुसरी अपेक्षा मला तरी करवत नाही.

प्रयोग अहवाल छापून येण्याच्या कितीतरी आधीच संपला होता. युद्धाची तयारी सुरू झाली तशी कोळशाला आणि माणसांना मागणी आली, आणि ज्यांना पगार मिळू लागला ते बिनपगारी बेकरीत थांबले नाहीत.

फॉरेस्टर मात्र हा मुलूख विसरले नाहीत. युद्ध संपल्यावर त्यांनी ब्रिनमाउरमध्ये रबराचा कारखाना काढायचं मनावर घेतलं, पूर्ण पगाराचा. आर्किटेक्ट्स को-पार्टनरशिप आणि अभियंता ओव्ह अरप यांनी १९५१ मध्ये पूर्ण केलेली ती इमारत नऊ उथळ काँक्रीट घुमटांसाठी जगभर गाजली. आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट ती पाहून गेले. कारखाना पुढे डनलॉपकडे गेला, १९८२ मध्ये बंद पडला, आणि इमारतीला वारसा म्हणून संरक्षण असूनही २००१ मध्ये ती पाडली गेली.

कारखाना बंद पडला त्याच वर्षी याहोडांचं ‘एम्प्लॉयमेंट अँड अनएम्प्लॉयमेंट’ हे पुस्तक आलं. मारिएन्टाल आणि वेल्स, दोन्हींचं अनुभवधन त्यात आहे. नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी नकळत देत असते, अशी त्यांची मांडणी : दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, स्वतःपेक्षा मोठ्या उद्दिष्टात वाटा, समाजात ओळख आणि हातांना नियमित काम. यातल्या काही गोष्टी कुमेव्हनच्या बेकरीत मिळत होत्या. ओळख आणि उद्दिष्ट या दोन मात्र तिथे पुरेशा मिळत नव्हत्या. ट्रेडीगरच्या समितीत बसणाऱ्या बेकार बेव्हनला नेमक्या त्या दोन मिळत होत्या.

ब्रिटनमधला बेकार आज स्वयंसेवी काम करू शकतो. भत्त्यासाठी आठवड्याला जितके तास नोकरी शोधायची सक्ती आहे, त्यांतले निम्म्यापर्यंत तास अशा कामाचे धरता येतात. उरलेले तास अर्ज करण्यात गेले हे त्याने दाखवायचं, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं तर हातातलं काम टाकून ४८ तासांत हजर व्हायचं.